नऊ कडुनिंबांचं पारणं

निपाणीपासून सहा किलोमीटरवरच्या आमच्या गावात शाळेच्या रस्त्याला दरसाल झाडं लावतात, आणि दरसाल त्याच खड्ड्यांत लावतात. खड्डे आता अनुभवी झालेत. फोटोच्या दिवशी एका रोपट्याला चौदा हात लागतात. पाण्याच्या दिवशी दोनच, आणि ते दिव्याचे.

दिव्या बी.एस्सी. झालेली, गावच्या हरित युवक मंडळाची सचिव. मंडळात बासष्ट सभासद, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर. यंदाच्या साठ रोपांपैकी एक्कावन्न मार्चअखेर वाळली. उरली फूटभर उंचीची कडुनिंबाची नऊ रोपं.

"ही नऊ गेली तर पुन्ना फावड्याला हात लावणार न्हाय," ती कांताआत्याला म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. तेवढंही झाडाला घालावं असं तिला वाटलं असणार.

आत्या शेंगा फोडत होत्या. "चुकतंय तुझंच. पाणी घालायला या म्हणतीस. काम हाय म्हटल्यावर कोण येतंय गं? मान हाय म्हण. झाडाचा सवाल काढ."

महावीर जयंतीची मिरवणूक परतली की बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, आवारात सवाल होतात, मानाच्या बोली लागतात. पहिला कलश कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा. जो जास्त बोलेल त्याचा मान, आणि देवाच्या दारात बोललेला शब्द मागं घेता येत नाही. नेमगोंडा आप्पा चाळीस वर्षं सवाल पुकारतात. त्यांना दिव्यानं सांगितलं, पैशात नको, रोजच्या घागरींत बोलू दे.

"पहिल्या झाडाच्या पाण्याचा मान!" आप्पा पुकारले.

"दोन घागरी," अरिहंत म्हणाला. या गृहस्थानं स्वतःच्या आंघोळीचं पाणीही कधी स्वतः काढलेलं नव्हतं.

"चार!" त्याचा चुलतभाऊ अभिनंदन. दोघांचं बोलणं बंद आहे. सवालातच काय ते बोलतात.

"बारा!"

"घरात घागरी किती हायत बघून बोल रं," कुणीतरी मागून.

"वीस!"

दिव्यानं हात वर केला. "आप्पा, झाड फूटभर हाय!"

"सवालात मधी बोलायचं न्हाय, बाळ. वीस घागरी एक वार..."

पहिलं झाड एक्केचाळीस घागरींना अरिहंतला गेलं. अभिनंदननं चिडून दुसरं त्रेचाळीसला घेतलं. पुढच्या सात पोरांनी चाळीसच्या खाली उतरणं म्हणजे बापाचं नाव घालवणं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला विहिरीवर रांग. ज्यांना आया आठला उठवून थकायच्या, ती पोरं खांद्यावर घागरी घेऊन धावत होती. चौथ्या दिवशी शाळेची मुलं झाडांभोवती कागदी होड्या सोडायला लागली. सहाव्या दिवशी पानं पिवळी पडली. सातव्या दिवशी अरिहंतचं झाड आडवं झालं. त्यानं ते काठीला बांधलं आणि उरलेल्या नऊ घागरी ओतल्या.

"अरे, कुजून मरालीत रं ती! एक घागर बास हाय," दिव्या कळवळून म्हणाली.

"बस्तीत बोललोय. एक कमी पडली तर त्यो बसलाय बघ मोजत."

अभिनंदन खरंच मोजत बसला होता. त्याच्या मोजायला अरिहंतचा मामा होता.

दिव्या आप्पांकडं गेली. "शब्द मोडता येतोय?"

"न्हाय."

"मग थांबवायचं कसं?"

"कसं थांबवणार? उपास असला तर गोष्ट येगळी. उपासाच्या तोंडात कोण पाणी वततंय?"

संध्याकाळी पुकारा झाला, नऊही झाडांनी आठ दिवसांचा उपवास धरलाय.

"झेपंल का झाडाला?" कुणाची तरी शंका.

"एवढं पाजल्यावर?" आत्या म्हणाल्या.

मग पोरं पहाऱ्याला बसली, चुकून कुणाचा पेला सांडू नये म्हणून. उन्हाचा त्रास नको म्हणून मांडव घातला. शेजारच्या दोन गावांतनं बाया उपासकऱ्यांची विचारपूस करायला येऊन गेल्या. माती वाळली, मुळांना वारा लागला आणि सातव्या दिवशी तांबूस कोंब फुटले. "तपाचं तेज," आप्पा म्हणाले. बी.एस्सी. झालेल्या दिव्यानं मान डोलावली.

उपासानं जुनी बोली फिटली. पारण्याचा नवा सवाल निघाला तेव्हा मात्र ती आधीच उभी राहिली. "झाडाला दिवसाआड एक घागर, थेंब जास्त न्हाय. सवाल मुदतीचा. कुठवर घालणार ते बोला."

"पावसाळ्यापर्यंत," अभिनंदन.

"दिवाळीपर्यंत!"

"पुढच्या जयंतीपर्यंत!"

अरिहंतनं इकडंतिकडं बघितलं, घाम पुसला आणि ओरडला, "माझं लगीन होईपर्यंत!"

अरिहंत एकतीस वर्षांचा. शेतीवाल्याला पोरगी द्यायला पंचक्रोशीत कुणी तयार नाही. तिशीतले बिनलग्नाचे गावात तेवीस. त्यापुढची मुदत कुणालाच सुचेना. उरलेली आठही झाडं त्याच बोलीवर गेली.

"आता म्हातारी होऊन मरतील ती," आत्या समाधानानं म्हणाल्या.

मे महिन्यात अभिनंदनला चिकोडीचं स्थळ आलं. त्याच्या घरात आनंद, पण लग्न झालं की बोली संपणार, म्हणून दिव्यानं रस्त्यावर जाऊन झाड बघितलं आणि चिकोडीची बस धरली.

"पोरगा कसा हाय?" मुलीच्या वडिलांनी तिला विचारलं.

खोटं तिला जमत नाही. "चांगला हाय, अण्णा. व्यसन न्हाय. पाचाला उठतोय, विहिरीवरनं पाणी आणतोय, शब्दाला पक्का. फकस्त तीन वर्षं थांबा. झाड अजून गुडघ्याएवढंच हाय."

"खांद्यावरनं पाणी आणतोय? आपणहून?"

"व्हय."

अण्णांनी आत बघून हाक मारली, "अगं, रविवारीच सुपारी फोडू!"

बसमध्ये दिव्यानं मंडळाला कळवलं. पाणी आणतो म्हणून अभिनंदनचं लग्न ठरलं, झाड मोकळं होतंय, कुणीतरी घ्या. उत्तर एकही आलं नाही. ती रात्रभर स्वतःला दोष देत राहिली आणि पहाटे स्वतःची घागर घेऊन निघाली.

अभिनंदनच्या झाडापाशी चौदा पोरं उभी होती. केस ओले, शर्ट इस्त्रीचे, प्रत्येकाच्या खांद्यावर एक घागर. आणि पलीकडं आपापल्या झाडाला पाणी घालून झालेले आठ जण, घरी न जाता, चिकोडीच्या रस्त्याकडं डोळे लावून बसले होते.