आपलं जर्नल

"चौथ्या समीकरणात उणे चिन्ह सुटलंय," मुलाखत घ्यायला बाहेरून आलेल्या बाई म्हणाल्या आणि पेपर रेणुकापुढे सरकवला. "पाहा बरं."

रेणुकानं पाहिलं. खामगावच्या या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर गणित शिकवत आली होती. लग्न झालं, लेक शाळेत जायला लागली, तरी तासिकाच. आज कायमच्या जागेसाठी ती या खुर्चीत बसली होती आणि सगळी भिस्त याच पेपरवर होती. विश्वाच्या प्रसरणाचं तिचं मॉडेल खगोलभौतिकीच्या एका वजनदार जर्नलात छापून आलं होतं. आणि उणे खरंच नव्हतं! शाळकरी पोरीनं करावी अशी चूक. शरमेनं तिचे कान तापले.

"तुमच्या मॉडेलमध्ये विश्व वेग घेतंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "हे उणे धरलं तर ते मंदावतं. म्हणजे निष्कर्षच उलटा. इतक्या लोकांनी या पेपरचा संदर्भ दिलाय, कुणीच कळवलं नाही?"

"नाही, मॅडम."

कोण कळवणार, कपाळ! तिचे पीएच.डी.चे गाइड जानराव सर. त्यांचे विद्यार्थी अकोल्यापासून बुलढाण्यापर्यंत कॉलेजा-कॉलेजांत पसरलेले. कुणाचा पेपर छापून आला की सरांचा मेसेज सगळ्यांना जायचा आणि पुढच्या पेपरात ज्यानं त्यानं तो संदर्भ टाकायचा. लग्नातला आहेर फिरतो, तसं ते चालायचं. रेणुकानंही टाकले होते, न वाचता. उन्हाळा सरता सरता जर्नलांचे इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे कुठल्या जर्नलातल्या पेपरांचे किती संदर्भ दिले गेले त्याचे आकडे, जाहीर होत. आकडा वर गेला की सर पेढे वाटत, "आपलं जर्नल चढलं" म्हणत, जसं काही ते त्यांच्याच माडीवर छापत होते. त्या गडबडीत आपला पेपर जग वाचतंय, असं रेणुकानं मनापासून मानलं. जेवता जेवता नवऱ्याला संदर्भांचा आकडा दाखवायची. वेडी बाई!

"कल्पना तुमची स्वतःची आहे, ते दिसतंय," बाई म्हणाल्या. "जर्नलाचा इम्पॅक्ट मोठा, त्यामुळे गुण पूर्ण मिळतील. पेपर बरोबर आहे का, असा रकानाच नाही या गुणतक्त्यात. तुम्ही दुरुस्ती पाठवलीत तर मात्र पेपर मागे घ्यावा लागेल, आणि गुणही जातील. तुमचं तुम्ही ठरवा."

बाहेर जानराव सर तिची वाट पाहत व्हरांड्यात येरझारा घालत होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं.

"गप राय बाई," सर हलक्या आवाजात म्हणाले. "ऑर्डर हाती येऊ दे, मंग पाहू. कोन वाचून राह्यलं?"

"सर, पेपरवर तुमचंही नाव आहे. तुम्ही वाचला होता?"

"वाचला म्हंजे... चाळला."

साखरखेर्ड्याहून एसटीनं येणाऱ्या पोरीला याच माणसानं पीएच.डी.पर्यंत आणलं होतं. राग येत होता आणि त्या रागाचीही लाज वाटत होती.

विभागात जाऊन तिनं कॉम्प्युटर लावला आणि संपादकांना मेल लिहायला घेतला. सर मागोमाग आले.

"काऊन करून राह्यली हे? तुह्या लेकरानं काय घोडं मारलं?"

"त्या मॅडमनी वाचला ना, सर. एवढ्या लोकांत एका माणसानं वाचला."

सर खुर्ची ओढून बसले. पंखा नुसता घरघरत होता. स्क्रीनकडे पाहत ते म्हणाले, "माह्यं नाव खाली टाक. चूक दोघांची हाय."

तिनं नाव टाकलं आणि मेल पाठवला. घरी काय सांगायचं, सासूबाई काय म्हणतील, पुढच्या वर्षी तासिका तरी देतील का, सगळं एकदम अंगावर आलं. ती टेबलावर डोकं टेकून रडली.

सरांनी तिला उगी केलं नाही. त्यांनी पेपर उचलला, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून, ओळीवर बोट ठेवत वाचायला घेतला.

"रेणुका," थोड्या वेळानं ते म्हणाले, "हे दुसरं समीकरन मले समजून सांग बाई."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.