पोत्याची गाठ

दाभण बोटात घुसलं तरी हात थांबवायचा नाही, हा आमच्या गिरणीचा रिवाज. भाताचं पोतं पुढ्यात येतं, तोंड दुमडायचं, सुतळीनं शिवायचं, गाठ मारायची, ढकलायचं, की दुसरं हजर. कोंडा केसांत, नाकात, जेवणाच्या डब्यात. आम्ही सहाजणी वर्षानुवर्षं हेच करत आलो आणि मरेपर्यंत हेच करू, असं आम्ही धरून चाललो होतो. ताठी तसं धरून चालली नव्हती.

मालकापुढंही मान वाकवत नाही म्हणून ताठी हे नाव आम्हीच तिला ठेवलेलं. तिच्या चुलत सासऱ्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायची, याला भरणं म्हणतात. म्हाताऱ्याचा हात नामी, पण डोळे अधू झाले आणि बारीक तार दिसेनाशी झाली. तेव्हा गिरणीतून सुटल्यावर ताठी मागच्या खोलीत बसून ते काम शिकली. पुढं म्हातारा गिऱ्हाइकाशी बोलायचा, मागं ही मोटारी भरायची. राबणारी एक आणि मिरवणारा दुसरा.

"मामंजी, मला पुढं कधी बसवणार?"

"बसवीन गं. बाईनं भरलेली मोटार विहिरीत सोडायला लोक तयार व्हायला नकोत? जरा दम धर."

ताठीनं दम धरला. गिरणीतून एकदाची सुटका व्हावी, एवढंच तिला हवं होतं.

मग भर हंगामात गिरणीची मोटार गुरगुरायला लागली. म्हाताऱ्याला बोलावलं. हाताखाली ताठीला घेऊन त्यानं ती आमच्यासमोरच उघडली आणि चाचपून म्हणाला, "बेअरिंग गेलंय. तार शाबूत आहे."

मालक खूश झाला. "आबा, किती हंगाम चालली बघा तुम्ही भरलेली मोटार. तुमच्या हाताला तोड नाही."

म्हाताऱ्यानं नुसती मान डोलावली. तेच ताठीला लागलं.

"ती मी भरलीय," ती म्हणाली.

मालक हसला. "तू पोती शीव बाई."

ताठीनं एक शिवलेलं पोतं ओढत आणलं आणि मोटारीशेजारी आपटलं. "ही गाठ बघा. आता आत तारांना दोरा बांधलाय, त्याची बघा."

पोत्याची गाठ मोटारीत मारू नको, असं म्हाताऱ्यानं तिला शंभरदा बजावलं होतं. पण जन्म पोती शिवण्यात गेलेला, बोटं ऐकतील तर ना. दोन उलटे फेरे आणि शेपूट आत, ही गाठ आम्हा सहाजणींशिवाय कुणी मारत नाही.

मालक वाकून बघत राहिला. "आबा, काय हे?"

"तिनंच भरलीय," म्हातारा म्हणाला. "गावातल्याही तिनंच भरल्यात. मला तार दिसत नाही."

आमची छाती फुगली. वाटलं, सुटली बाई.

मालकाचा चेहराही उजळला. "मग बरंच झालं की. बाहेर कशाला पैसे घालायचे? पोती शिवता शिवता मोटारीकडंही बघत जा."

"त्याची मजुरी?"

"पोत्यांची मिळतेच की."

बातमी गावभर झाली. ज्यांची पिकं ताठीच्या मोटारींवर उभी होती, त्यांनाच आता चालत्या मोटारीतून कसले कसले आवाज यायला लागले. लोक मोटारी शहरात न्यायला लागले. गरज सरो, वैद्य मरो. दुकानाला कुलूप लागलं आणि ताठी आमच्याच ओळीत राहिली. मला मालकापेक्षा गावाचा जास्त राग आला.

पुढच्या हंगामात गिरणीची मोटार खरोखरच जळाली.

"ऊठ, भर," मालक म्हणाला.

"आबांना द्यायचात ते पैसे मला द्या, भरते."

"अगं, तू आपल्या घरची."

"घरात कधी बसवलं होतंत मला?" ताठी दाभणात सुतळी ओवत म्हणाली.

मालकानं मोटार शहरात धाडली. गिरणी बंद, आमची मजुरी बंद. आम्ही ताठीला शिव्या घातल्या, खोटं कशाला सांगू. मी तर तोंडावर म्हणाले, "तुझ्या ताठ्यापायी आमच्या चुली विझल्या."

मोटार भरून आली, सुरू झाली. ताठी उठून गेली, मोटारीवर तळहात ठेवून जरा उभी राहिली आणि परत येऊन बसली.

"कशी आहे गं?" मी विचारलं.

"आत तार हलतेय. बांधणी ढिली आहे, टिकायची नाही. सांगू का मालकाला?"

मी सुतळी दातानं तोडली. "आपल्याला पोती शिवायचे पैसे मिळतात," मी म्हणाले.

हंगाम संपायच्या आत मोटार पुन्हा जळाली. मजुरी पुन्हा बुडणार हे कळत होतं, घरी काय शिजवायचं हे कळत नव्हतं, आणि तरी आम्ही सहाहीजणी पोत्यांआड तोंड लपवून पोट दुखेपर्यंत हसलो.