पाटीवरचा पडदा

बोलू का दोन शब्द? मी पडदा आहे. हातभर रुंदीचा, जांभळ्या मखमलीचा, बाजूला सोनेरी दोरी. अनावरण होईपर्यंत पाट्या झाकणं हा माझा पेशा.

आमच्याकडे राजा एक आणि जिल्हे ढीगभर. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात राजा आपला एक माणूस नेमतो. पगार नाही, अधिकार नाही, तलवार मात्र आहे. आमच्या जिल्ह्याचे ते सर पेरेग्रिन ऑल्डवर्थ. लष्करातून निवृत्त, बुटांना टाचेशी चकचकीत काटे. घोडा नसला म्हणून काय झालं?

गावोगावच्या सेवाभावी मंडळांना पाठबळ देणं हे त्यांचं काम. पाठबळ म्हणजे असं: सर येतात, हात मिळवतात, केक खातात, दोरी ओढतात. मी बाजूला सरकतो, पाटी दिसते, टाळ्या पडतात. मग मी परत सरांच्या गाडीच्या डिकीत. अशी अकरा वर्षं काढली मी, गंमत नाही!

सरांची वाक्यंही ठरलेली. "किती वर्षं करताय हे?", "वा, फारच छान!" आणि निघताना, "आमच्याकडून काही मदत हवी?" यावर या देशात एकच उत्तर असतं, "नको नको, आमचं उत्तम चाललंय." मग छप्पर डोक्यावर का पडत असेना. सर हायसं वाटून टोपी घालतात.

गेल्या वसंतात एका मंगळवारी आम्ही लिटल हॅवरबीला गेलो. तिथल्या मंडळाची एक मिनीबस. मंगळवारी म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायची, गुरुवारी अठरा मैलांवरच्या वृद्धाश्रमात. तिथे आयव्ही टॅपलिनचा नवरा स्टॅन असतो. बस चालवायचा एकटा डेरिक, वय एकोणऐंशी. आदल्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं होतं. म्हणजे सन्मानाची पाटी त्या बसची, जिला कालपासून ड्रायव्हरच नाही. काय मुहूर्त साधला, वा!

सरांना हे कुणी सांगेना. अध्यक्ष मॉरीनबाई केक वाढत सुटल्या. आयव्ही कोपऱ्यात कोट घालून बसलेली. मी सरकलो, पाटी दिसली, टाळ्या झाल्या.

"आमच्याकडून काही मदत हवी?" सर टोपीकडे हात नेत म्हणाले.

"नको न—" मॉरीनबाईंनी सुरुवात केली.

"हवी," आयव्ही म्हणाली. "तुम्हाला गाडी चालवता येते?"

मॉरीनबाईंचं तोंड गोरंमोरं झालं. "आयव्ही, अगं, ते राजाचे प्रतिनिधी आहेत."

"मग? राजाला येते चालवता? त्यांना विचारा. मला गुरुवारी स्टॅनकडे जायचंय."

"लष्करात ट्रक चालवलेत मी," सर हळूच म्हणाले. असं कुणी कधी त्यांना विचारलंच नव्हतं, बिचाऱ्यांना!

"ट्रक चालेल," डेरिक म्हणाला. "पण ते टाचेचे काटे काढून या. क्लचमध्ये अडकतील."

त्या गडबडीत सर मला विसरूनच गेले. मॉरीनबाईंनी मला बसच्या खिडकीला टांगलं, आयव्हीच्या बाजूला, तिला ऊन लागू नये म्हणून.

तेव्हापासून दर गुरुवारी सर येतात, जुन्या स्वेटरमध्ये. गेल्या आठवड्यात पाच मिनिटं उशिरा आले.

"माफ करा, आयव्ही. एका ठिकाणी भाषण होतं."

"भाषण! अहो, मागच्या गुरुवारी स्टॅनने मला नावाने हाक मारली. आज जाईपर्यंत विसरला तर ती पाच मिनिटं तुम्ही भरून देणार का?"

सरांनी गिअर टाकला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. माझा रंग विटलाय, दोरीही तुटलीय, पण मला परत नेऊ नका. पाट्यांसाठी नवा पडदा शिवून घ्या, ते सोपं आहे. मंगळवारी दवाखान्याच्या फेरीला मात्र अजून ड्रायव्हर मिळालेला नाही. तलवार नसली तरी चालेल. तुमच्याकडे लायसन्स आहे का?