नऊ वधूंची पोलादी करवली

मी एक पेटी बोलतेय. दोन ओंजळींत मावेन एवढी, पोलादाची, आतून चिनीमातीचा मुलामा दिलेली. माझी जागा संडासाच्या पाण्याच्या नळीवर. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे. पण ऐकून तरी घ्या. आमच्या पंचक्रोशीत माझ्याइतकी लग्नं पार पाडलेला भटजीसुद्धा सापडायचा नाही.

माझं काम सोपं आहे. वरच्या वाटीत जंतू मारणारं औषध भरायचं. खालच्या नळीतून पाणी वाहू लागलं की माझी झडप 'टक्' करून उघडते, औषधाचे तीन-चार थेंब पाण्यात पडतात आणि पाणी थांबलं की झडप मिटते. भांडं स्वच्छ राहतं, घाण वास धरत नाही. ना आवाज, ना गाजावाजा.

जन्म कुठल्याशा थंड देशातला. तिथल्या कारखान्याचं नाव माझ्या पोटावर कोरलं होतं, ते घासून घासून कधीच गेलं. मला एका प्रवासी जहाजावर बसवलं आणि सव्वीस वर्षं मी समुद्रावर काढली. हजारो माणसं आली, गेली. एकानंही मला पाहिलं नाही. माझ्या धंद्यात हेच यश: वास आला तरच लोक तुमच्याकडे बघतात.

जहाज म्हातारं झालं. एका मोठ्या भरतीला त्याला पूर्ण वेगानं, गुजरातेत जिथं जहाजं तोडतात त्या अलंगच्या वाळूत घुसवलं आणि महिन्याभरात त्याचे तुकडे झाले. मी पोत्यात पडले, ट्रकमध्ये चढले आणि नानजीभाईंच्या खाड्यात उतरले. जहाजातलं सामान विकणाऱ्या दुकानांना अलंगच्या रस्त्यावर खाडा म्हणतात. गाद्या, आरसे, कपबशा, खुर्च्या, सगळ्याला गिऱ्हाईक होतं. मला नव्हतं. एकाला मी मसाल्याचा डबा वाटले, दुसऱ्याला भोंगा. शेवटी नानजीभाईंनी मला दाराला टेकू म्हणून लावलं. समुद्र पाहिलेली मी, तीन वर्षं वाऱ्यानं आपटणारं दार धरून बसले.

खाड्याच्या मागच्या अंगणात वेड्या बाभळीच्या सावलीत जहाजातली संडासाची भांडी ओळीनं मांडलेली असत. ती घासून चकचकीत करायचं काम जसुबेन बारैयाचं. पंचेचाळिशीची, काटक, साडीचा पदर कंबरेला खोचलेला आणि जीभ ब्रशापेक्षा धारदार.

एकदा तिच्या हातातली पाण्याची नळी निसटली आणि धार नेमकी माझ्या तोंडात शिरली. टक्! जसुबेन थांबली. तिनं पुन्हा धार सोडली. टक्! मग तिनं मला उचललं, झाकण उघडलं, तळाला चिकटलेला निळा थर नखानं खरवडला आणि हुंगला.

"नानजीभाई, हे दाराला लावायचं नाही. हे पाण्याला औषध पाजतं."

"जसुबेन, मागच्या जन्मी जहाजावर कप्तान होतात का?"

"कप्तान नव्हते. पण वीस वर्षं कप्तानांचे संडास घासतेय. मला द्या हे."

नानजीभाई हसले. "न्या की. दाराला वीट लावतो."

तिनं मला पदरात गुंडाळलं आणि तडक घर गाठलं. नवी वस्तू मिळाल्याचा आनंद असेल, असं मला वाटलं. खरं कारण नंतर कळलं.

तिच्या गावात दरवर्षी समाजाची सामूहिक लग्नं होत. एकाच मांडवात सात-आठ जोडपी, तीन-साडेतीन हजार माणूस. जागा समाजाच्या वाडीची, म्हणजे कार्यालयाची, मोठी, पत्र्याच्या छपराची. सुरतेला हिऱ्यांत कमावलेल्या एका दात्यानं तिथं बायकांसाठी चार संडास बांधून दिले होते, टाक्या-साखळ्यांसकट. दारावर संगमरवरात त्याच्या आईवडिलांची नावं. पण पहिल्याच लग्नात त्यांची अशी दुर्दशा झाली, की दुर्गंधी मांडवापर्यंत आली आणि समितीनं कुलूप ठोकलं. पुरुषांचं काही अडलं नाही, गावाबाहेर मोकळं रान पडलंय. बायका मात्र पहाटेपासून पाण्याचा थेंब घेत नसत. लग्नाचा दिवस म्हणजे त्यांचा निर्जळी उपवास.

मागल्या वर्षी जसुबेनच्या बहिणीची मुलगी, लाभू, तिसऱ्या फेऱ्याला धाडकन पडली. तोंडाला कोरड, डोळे पांढरे. तिला सलाइन लावून चौथा, म्हणजे आमच्याकडचा शेवटचा, फेरा पूर्ण केला. लोक म्हणाले, नजर लागली. जसुबेन म्हणाली, "नजर नाही, कुलूप लागलं."

आणि या वर्षीच्या नऊ वधूंमध्ये तिची स्वतःची अस्मिता होती.

समितीचे प्रमुख वशरामभाई. मिशी भरघोस, आवाज खडा, माणूस वाईट नव्हे पण एकदा नाही म्हटलं की नाहीच. मला हातात धरून जसुबेन त्यांच्या ओसरीवर गेली.

"किल्ली द्या, भाई. संडास मी चालू करते."

"पुन्हा तेच? त्या वासात जेवण कोण जेवणार? पाहुणे काय म्हणतील?"

"पोरगी मांडवात पडली तेव्हा पाहुणे काय म्हणाले?"

वशरामभाईंनी पानाचा तोबरा गालात सरकवला. "आणि हा डबा काय करणार?"

"हा डबा जहाजावर गोऱ्या साहेबांची अब्रू राखत होता. आपल्या बायकांची राखेल."

ओसरीवरचे चार लोक खो खो हसले. पण आतून वशरामभाईंच्या आईचा, ऐंशीच्या कंकुबांचा, आवाज आला, "वशराम, दे रे तिला किल्ली. तुझं काय जातंय?"

"पंधरा दिवस देतो," वशरामभाई म्हणाले. "लग्नाआधी मी स्वतः येऊन बघणार. वास आला तर कुलूप, आणि पुन्हा हा विषय नाही."

कुलूप तेलानं सुटलं. आत मांडवाचे जुने पडदे, फुटकी पातेली, पालींची अंडी. जसुबेन, अस्मिता आणि लाभू, तिघींनी तोंडाला ओढण्या बांधल्या आणि चार दिवस घासत राहिल्या. अस्मिताच्या हातांना मेंदीआधी फोड आले. जसुबेन तिला घरी जा म्हणाली, तर ती म्हणाली, "लग्न माझं आहे ना? मग घासू दे."

वरच्या मोठ्या टाकीतून चारही संडासांना एकच नळी जात होती. नळाच्या मिस्त्रीनं त्या नळीवर मला बसवलं. हात धुवायच्या पाण्याची नळी वेगळी आहे ना, हे जसुबेननं तीन वेळा तपासून घेतलं. पोटातून गार पाणी गेलं आणि माझी झडप बोलली. टक्! किती वर्षांनी!

पण दुसऱ्याच दिवशी मी अडले. तिनं माझ्यात फिनाइल भरलं होतं. आमच्याकडचं पाणी खारं आणि जड. फिनाइल फाटलं, दुधासारखं नासलं, झडपेत चिकट गोळा बसला. वास सुटला. जसुबेन माझ्यापुढे फरशीवर बसून राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं ते गालावर येऊ दिलं नाही. म्हणाली, "तूसुद्धा नाही म्हणणार का?"

मी बोलू शकत असते तर म्हणाले असते, बाई, दोष माझा नाही, खुराक चुकलाय.

ते सांगितलं आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाईंनी, हेतलबेननी. "जसुबेन, ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवा, रात्रभर निवळू द्या. वरची निवळ तेवढी घ्या, गाळून. आणि एक लक्षात ठेवा, त्यात फिनाइल नाही, अॅसिड नाही, दुसरं काही म्हणता काही मिसळायचं नाही. छातीत धूर जाईल."

जसुबेननं मला साध्या पाण्यानं दहादा धुतलं. मग जुन्या सुती ओढणीची चार पदरी गाळणी करून ती निवळ माझ्यात भरली. टक्. टक्. टक्. मी चालू लागले ती चालूच राहिले. औषध तिखट असतं, पोलादाला झोंबतं, म्हणून रोज संध्याकाळी ती मला साध्या पाण्यानं आंघोळ घाली. दारांशी तिनं लीली चहाची, म्हणजे गवती चहाची, जुडी टांगली.

पंधराव्या दिवशी वशरामभाई आले. बाहेरच उभे राहून नाक वर करून हुंगू लागले.

"आत या ना, भाई. बाहेरून काय कळणार?"

ते आत गेले. पहिल्यात, दुसऱ्यात, चारही संडासांत. "पाणीच सोडलं नसेल," असं पुटपुटत त्यांनी स्वतः साखळी ओढली. मग पुन्हा ओढली. सहा वेळा. मी सहाही वेळा साखळीची टाकी भरताना मान डोलावली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण हा रिकामा संडास झाला. तीन हजार माणसांचा दिवस बघू."

तो दिवस उजाडला. ढोल, सनई, भजी तळल्याचा वास, रंगीत पटोळा साड्यांची गर्दी. जसुबेन नव्या साडीवर जुनं कापड बांधून दाराशी उभी. आधी कुणी येईना. बायका लांबून बघत, पदर तोंडाला लावत. मग लाभू आली, कडेवर दोन महिन्यांचं बाळ घेऊन, सगळ्यांच्या देखत आत गेली, हसत बाहेर आली आणि मोठ्यानं मावशीला म्हणाली, "मासी, इथं तर देवघरासारखं आहे!"

बस्स. तासाभरात रांग लागली ती सरेना. मी इतकी 'टक्टक्' जहाजावर वादळातसुद्धा केली नव्हती. जसुबेन दर थोड्या वेळानं माझी वाटी भरी, फरशी पुसे, पोरींना दटावे, "साखळी ओढून बाहेर ये गं, राणी!"

आणि दुपारी बाराला वीज गेली. मोटर थांबली. वरच्या टाकीचा तळ दिसू लागला आणि माझ्या पोटातली धार बारीक होत होत तुटली. पाणी नसेल तर मी कोण? पुन्हा दाराचा टेकू. बाहेर रांगेत शंभर बायका, नऊ वधूंपैकी चौघी अजून यायच्या होत्या आणि मुहूर्त तासावर आलेला.

वशरामभाईंचा माणूस कुलूप घेऊन आला. "भाई म्हणतात, वास सुटायच्या आत बंद करा."

जसुबेन दारात आडवी उभी राहिली. "भाईंना सांग, आधी मला बंद करा."

मग ती रांगेकडे वळली आणि ओरडली, "बेनांनो, विहीर पन्नास पावलांवर आहे. ज्यांना पाणी प्यायचंय, त्यांनी पाणी आणायचं!"

मग एका वरमाईनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि स्वयंपाक्याची घागर उचलली. तिच्यामागे दुसरी. वधूकडच्या, वराकडच्या, साऱ्या जरीच्या साड्या विहिरीपासून टाकीच्या शिडीपर्यंत ओळीनं उभ्या राहिल्या. घागरी, कळशा, वरणाची पातेली हातोहात सरकू लागली. शिडीवर जसुबेन. आणि बायका जमल्या की त्या गप्प थोड्याच राहणार? लग्नातली चिडवायची गाणी सुरू झाली, तिथल्या तिथं रचलेली:

"वशरामभाई मिशीवाले,
किल्ली खिशात घालून चाले,
घागर बघून लपून बसले,
सांगा, कोणी पाहिले, पाहिले?"

हशा मांडवापर्यंत गेला. वशरामभाई तरातरा आले. चेहरा लाल. मला वाटलं, संपलं. त्यांनी ओळ पाहिली. ओळीच्या मध्यावर त्यांच्या आई कंकुबा उभ्या होत्या, ऐंशी वर्षांच्या, एक तांब्या दोन्ही हातांनी धरून.

"बा! तुम्ही?"

"बाजूला हो, वशराम. सांडेल."

वशरामभाईंनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला, धोतर खोचलं आणि ते शिडीवर जसुबेनच्या एक पायरी खाली जाऊन उभे राहिले. "द्या इकडे," म्हणाले. त्यांच्यामागून सारी समिती आली. पाऊण तासात टाकी काठोकाठ भरली. माझ्या पोटातून धार धावली, झडप उघडली. टक्! बायकांनी एवढा जल्लोष केला की सनईवाला दचकून थांबला.

नऊही वधू मुहूर्ताला मांडवात उभ्या राहिल्या. अस्मितानं चारही फेरे ताठ मानेनं पूर्ण केले. एकही मुलगी पडली नाही, एकही डोळा पांढरा झाला नाही. जेवणाच्या पंगतीत कंकुबांनी ताकाचा पेला संपवला आणि वाढप्याला हाक मारली, "अजून एक दे रे. साठ वर्षांत पहिल्यांदा लग्नात पोटभर पितेय." वाढप्यानं पेला भरला. शेजारी बसलेल्या वशरामभाईंनी स्वतःचा पेलाही आईपुढे सरकवला.

निरोपाच्या वेळी वशरामभाईंनी माइक घेतला. दात्यांची नावं वाचून झाल्यावर म्हणाले, "आणि जसुबेन बारैया. आजचा मांडव त्यांनी राखला. किल्ली आता त्यांच्याकडेच राहील." टाळ्या थांबेनात. जसुबेन मांडवात नव्हती. ती माझ्यापाशी होती, मला साध्या पाण्यानं आंघोळ घालत. हात सुकवून ती बाहेर गेली, लेकीला गळ्याशी धरलं आणि तेव्हा कुठं गाल भिजू दिले.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. जसुबेननं खाडा सोडला. एका लेथवाल्याकडून माझ्यासारख्या अकरा पेट्या करून घेतल्या. लाभूसह सात बायका आता तिच्यासोबत काम करतात. दूरदूरच्या गावांतून लग्नाचं आमंत्रण येतं, ते आधी त्यांना, मग आचाऱ्याला. माझी स्प्रिंग थोडी सैल झालीय, मुलामा एका बाजूनं उडालाय. नव्या पेट्या माझ्याहून चपळ आहेत. पण मोठं कार्य असलं की जसुबेन मलाच घेते.

आजही घोघा बंदराच्या बाजूचा ट्रॅक्टर दारात उभा आहे. तिथं चौदा जोडपी आहेत म्हणे. मी तिच्या मांडीवर, सुती कापडात. ड्रायव्हर विचारतोय, "मासी, मागे ठेवू का सामान?" ती म्हणतेय, "हे सामान नाही. पुढेच बसणार."

निघते मी. तुमच्या घरी कार्य असेल, तर एवढंच करा: आलेल्या बाईला मांडवाआधी ती जागा दाखवा, स्वच्छ, उघड्या कडीची. मग पाण्याचा तांब्या पुढे करा. बघा ती कशी घटाघटा पिते.