काळी पडलेली पावती

मी सोमाटण्यातल्या सुषमाताईंच्या झेरॉक्सच्या दुकानातलं एक जुनं लॅमिनेशनचं मशीन. मित्रांनो, माझ्या पोटात दोन तापलेले रूळ आहेत, आणि मावळातल्या लोकांचे कागद त्यांच्यामधून सरकवता सरकवता आठ वर्षं गेली. पावसाळ्यात इकडे कपाटातल्या कागदालासुद्धा बुरशी धरते. म्हणून दाखला हातात पडला की लोक तो वाचायच्या आधी माझ्याकडे घेऊन धावतात. "ह्याच्यातून गेलेला कागद नातवंडं बघतील," असं सुषमाताई गिऱ्हाइकांना सांगायच्या आणि मी फुशारून जायचो. आता त्या फुशारकीची लाज वाटते.

गेल्या महिन्यात इंदुरीच्या मेहमुदामावशी मुलीला, फलकला, घेऊन आल्या. फलकचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. तिचा नवरा रियाज इंग्लंडात स्थायिक झालेला, आणि बायको म्हणून तिकडे राहायला जायचं तर तिला व्हिसा हवा होता. सरकारी फी भरली, असं सांगून एका एजंटाने त्यांना रोख पैशांची चिठ्ठीएवढी पावती दिली होती. ओल लागू नये म्हणून मावशींनी ती रुमालात गुंडाळून आणली होती.

पावती एसटीच्या तिकिटासारख्या गुळगुळीत कागदाची होती. तसला कागद तापला की काळा पडतो. मला ते ठाऊक होतं. सुषमाताईंनाही होतं, पण दुकानात झुंबड उडाली होती, आणि त्यांनी न बघताच ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून माझ्या तोंडात दिली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. रूळ फिरत राहिले आणि पलीकडून एक काळीकुट्ट, चकचकीत पट्टी बाहेर पडली.

मेहमुदामावशी मटकन खाली बसल्या.

"माझ्या पोरीचा व्हिसा जळला," एवढंच त्या म्हणाल्या.

सुषमाताईंचं तोंड उतरलं. तरी त्यांनी धीर दिला की सरकारी फी अशा चिठ्ठीवर घेत नाहीत. ती सरकारच्या वेबसाइटवर कार्डाने भरायची असते आणि तिची पोच ईमेलवर येते. फलकने मोबाइलवर आपला अर्ज उघडला. अर्ज भरलेला होता, फी मात्र बाकी दिसत होती. तेव्हा कुठे तिला आठवलं की पावतीवर वरच 'सल्ला' असं काहीतरी छापलं होतं. म्हणजे ते पैसे एजंटाने स्वतःच्या सल्ल्याचे म्हणून घेतले होते. आता ते परत मागायला पुरावा नव्हता. तो माझ्यामुळे गेला होता.

खरी भीती पुढेच होती. फी भरल्याशिवाय अर्ज केला असं धरतच नाहीत, आणि व्हिसासाठी लागणारा फलकच्या क्षयरोग तपासणीचा दाखला चार दिवसांत बाद होणार होता. रियाजने फोनवरून कार्डाचा नंबर सांगितला. सुषमाताईंनी नियम वाचून दाखवले. अर्जाची फी वेगळी, तिकडच्या दवाखान्यांसाठीची वेगळी. नकार आला तर दवाखान्यांची परत मिळते, अर्जाची मिळत नाही. फलकचं बोट बटणावर येऊन थांबलं.

"आन् न्हाई म्हनले तर?" मावशींनी विचारलं.

"तर अर्जाचे पैसे गेले, अम्मी. पण ह्या खेपेला कशाचे गेले ते आपल्याला ठाऊक असेल."

तिने बटण दाबलं.

उत्तर अजून आलेलं नाही. दुकानात फोन वाजला की सुषमाताई दचकतात आणि मीही. काल मेहमुदामावशी फीच्या पोचेची छापील प्रत घेऊन आल्या. सुषमाताईंनी सवयीने मला चालू केलं. मी तापायला लागलो तसा माझा धीर सुटला. मावशींनी सुषमाताईंच्या हातातून कागद मागे ओढून घेतला.

"थांब पोरी. काय लिवलंय ते आदी वाचून दाखव. मग घाल ह्याच्या तोंडात."

मित्रांनो, तुमचे कागद मी जपेन, पण मला ते वाचता येत नाहीत. ते तुम्हीच वाचा, माझ्याकडे आणण्याआधी. सुषमाताई पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या, आणि मावशी एकेका शब्दाचा अर्थ विचारत राहिल्या.