धुक्यातली लाल फ्रेम

सांगलीच्या चष्म्याच्या दुकानात मी माझा जुना काळा चष्मा काढला आणि लाल फ्रेम घालून बघितली. तिच्यात नंबराच्या काचा न्हवत्या, म्हणून आरशात नुसतं धुकं दिसलं. त्या धुक्यात लाल चष्म्याची कुणी अनोळखी बाई तरंगत हसत हुती. मला ती लय आवडली.

"आई, ह्या वयात लाल?" माझा लेक जिनेंद्र शेजारून म्हणाला.

मी वळले. त्याच्या तोंडाच्या जागीबी धुकंच. कपाळाला आठी पडलीया का न्हाई, कळंना. मी दुकानदाराला म्हणलं, "हीच द्या."

आता नंबराच्या काचा बसल्यात. लेकाची आठी लख्ख दिसती. आरशातली बाईबी लख्ख दिसती. तिला कुणाच्या आठीचं कायबी पडलेलं न्हाई.