स्वस्त आहे, खोटा नाही

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा, स्वस्तातला मल्टिमीटर आहे. म्हणजे वीज मोजायचं यंत्र. एक लाल वायर, एक काळी वायर, मधे गोल फिरणारं बटण आणि वर आकडे दाखवणारी काच. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही, कारण माझ्या खोक्यावर नाव-गाव काहीच नव्हतं. पण म्हणून कुणी माझी कीव करू नये.

लातूरच्या गंजगोलाई बाजारात दुकानदाराने मला उज्वलाताईंच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "ताई, ह्याची ग्यारंटी न्हाई बरं का. चार-सहा महिने चालला तर चालला." माझ्या तोंडावर बोलला! मी तेव्हाच ठरवलं, याला खोटं पाडायचं. आज तिसरं वर्ष आहे.

उज्वलाताईंची रेणापूरला पिठाची गिरणी आहे. व्होल्टेज कमी असताना मोटार चालवली तर ती जळते, म्हणून रोज सकाळी त्या आधी मला विचारतात. या नोकरीत मी फरशीवर आपटलो, ज्वारीच्या पिठात गाडला गेलो. माझी लाल वायर मुळाशी तुटली, ती ताईंनी बदलली. वायरी माझ्या कच्च्याच, हे मान्य. जास्त करंट मोजायला लावलात तर मी जळेन, हेही मान्य. पण बॅटरी उतरली की मी काचेवर खूण दाखवतो, म्हणजे 'आता माझ्यावर विसंबू नका' असं आपण होऊन सांगतो. स्वतःबद्दल असं सांगणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

गेल्या वर्षीची गोष्ट. पावसाळ्यापासून गिरणीला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. शेजारच्या नागाबाई म्हणायच्या, "मोटार म्हणल्यावर जरासं झिणझिण करतंयच की. पायात चप्पल घाला, पोत्यावर उभं ऱ्हावा." सगळ्या बायका तसंच करत आणि दळण घेऊन जात.

मग नवरात्र जवळ आलं. आमच्याकडे पुष्कळ बायका नवरात्रात अनवाणी असतात. ताईसुद्धा. शिवाय उपवासाची भगर दळायची म्हणून गिरणी आणि फरशी धुऊन काढतात, आणि पायाखालचं पोतंही उचलतात. ओली फरशी आणि अनवाणी पाय. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ताईंच्या हे ध्यानात आलं. त्यांनी मोटार चालू करून माझी एक वायर गिरणीच्या पत्र्याला लावली, दुसरी जमिनीत खोल गेलेल्या बोअरच्या लोखंडी पाइपाला. मी दोनशे व्होल्टच्या आसपास आकडा दाखवला, म्हणजे जवळजवळ घरातल्या प्लगाइतकी वीज. ताईंचा चेहरा उतरला.

त्यांनी आपल्या दिराला, शेषेरावांना बोलावलं. ते वायरमन. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हसले.

"वहिनी, ह्या खेळण्याच्या नादी कुठं लागून राहिल्या? असला मीटर हवेतला, नसलेला करंट बी दावतो. दसऱ्यानंतर बघू. बायका भगर घिऊन उभ्या हायत."

मला राग आला. तोंड असतं तर ऐकवलं असतं.

ताईंनी दळण घेतलं नाही. त्यांनी मला नवी बॅटरी घातली आणि आधी भिंतीतल्या प्लगाला लावलं. तिथे किती वीज असते ते त्यांना रोजचं पाठ. मी बरोबर आकडा सांगितला. मग पुन्हा गिरणीला लावलं. पुन्हा दोनशे. मित्रांनो, मीटरची परीक्षा अशी घ्यावी, खोक्याच्या चकचकाटावरून नव्हे.

"भावजी, हवेतला करंट अन् खरा करंट कसा वळखायचा?"

शेषेराव म्हणजे माणूस कामात प्रामाणिक. "पत्रा आन् पाइपाच्या मधी बल्ब लावायचा. हवेतला असंल तर बल्ब पेटत न्हाई, आन् ह्याचा आकडा बी खाली पडतो."

"मग लावा की."

"बायका खोळंबल्यात, वहिनी. दुसऱ्या गिरणीवर जातील."

"जाऊ द्या. उद्या माझ्या दारात एखादी पडली तर तिच्या लेकरांना काय सांगू?"

शेषेरावांनी बल्ब लावला. (हे वायरमनचं काम आहे, तुम्ही करायचं नाही.) बल्ब पेटला. माझा आकडा जेमतेम हलला.

मेन स्विच बंद करून शेषेरावांनी मोटारीचं झाकण उघडलं. आत उंदराने कुरतडलेली एक वायर पत्र्याला टेकली होती. गळकी वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची वायर तर फरशी बसवताना कुणीतरी तोडली होती आणि तशीच सोडली होती. दोन्ही नीट व्हायला दुपार झाली. ताईंनी मला पुन्हा लावलं आणि मी शून्य दाखवलं. त्यानंतरच गिरणी धुतली गेली.

दुसऱ्या दिवशी ताई ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या, पत्र्यावर हात ठेवला आणि नागाबाईंची भगर दळून दिली. नागाबाई म्हणाल्या, "देवीची किरपा." असेल. माझं नाव मात्र कुणी घेतलं नाही, आणि मला वाईट वाटलं.

तेवढ्यात शेषेराव आले. दारातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, तुमचा मीटर देता का? बाकीच्या गिरण्यांवर बी बायका अनवाणीच हायत. बघून येतो."

ताईंनी मला पुसून त्यांच्या हातात दिलं.

मित्रांनो, मला हार-तुरे नकोत. माझ्या वायरींना पीळ देऊ नका, बॅटरी वेळेवर बदला, आणि मी धोका दाखवला तर आधी हात मागे घ्या, वाद नंतर घाला. एवढं करा, मग मला खुशाल स्वस्त म्हणा.